फज्रला डोळा का उघडत नाही?

नागपूरच्या मोमिनपुऱ्यातली कितीतरी मुलं शाळेचं दप्तर घरी टाकून कुराण वाचायला मकतबला जातात. दहावीचा क्लास असतो तो वेगळाच. या दीनी तालीमनं, म्हणजे धर्मशिक्षणानं, कोवळ्या मनाला बळ मिळतं की त्यावरचा भार वाढतो?

हार्वर्डच्या यिंग चेन आणि टायलर व्हँडरवील यांनी पाच हजारांहून अधिक अमेरिकी मुलांची माहिती तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. आठवड्यातून निदान एकदा प्रार्थनेला जाणारी मुलं पुढे तरुणपणी ‘आम्ही आनंदी आहोत’ असं सांगण्याची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी जास्त होती. पण ती बहुतेक गोरी, नर्स असलेल्या आयांची मुलं. तो आकडा नागपूरला चिकटवण्यात अर्थ नाही.

मला केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञाची मांडणी जास्त कामाची वाटते. अडचणीत कुणी देवाचा आधार घेतो, तर कुणाला देव आपल्याला शिक्षाच करतोय असं वाटतं. पहिल्यानं मन सावरायला मदत होते. दुसऱ्याचं नातं चिंता आणि नैराश्याशी आढळतं. धर्म तोच, शिकवणाऱ्याचा सूर निराळा.

फज्रच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजचंच बघा. जूनमध्ये नागपुरात सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, म्हणजे नमाजसाठी त्याआधीच उठायचं. इशाची नमाज रात्री आठनंतर. त्यात किशोरवयात झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा वाढू लागतं, आणि या वयाला झोप हवी आठ ते दहा तास. पोरगं उठत नाही ते अनेकदा यामुळे. त्याला ‘तुझा ईमानच कच्चा’ म्हटलं की शरीराच्या घड्याळाचा दोष त्याच्या श्रद्धेवर जातो, आणि तो ते खरं मानून बसतो. त्यापेक्षा दुपारच्या कैलुल्याची, म्हणजे वामकुक्षीची, परंपरेतलीच सवय उस्तादांनी लावलेली बरी. तीही थोडकीच, नाहीतर रात्रीची झोप आणखी लांबते. आपल्या उन्हात ती कुणाला नको आहे म्हणा!

शरीर आणि मन असं एकत्र पाहणं इस्लामी परंपरेला नवं नाही. नवव्या-दहाव्या शतकातले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी कारण ठाऊक असलेलं दुःख आणि विनाकारण येणारी उदासी वेगळी मानली होती. दुसरीचं मूळ त्यांनी शरीरात शोधलं आणि तिच्यावर शरीराचेही उपचार सुचवले. आजारी मनाला केवळ ‘दुआ कर’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. दुआ करावीच, पण डॉक्टरकडेही जावं.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक मकतबच्या भिंतीवर, नमाजच्या वेळापत्रकाशेजारी लावायला काय हरकत आहे?