प्रमाणित परिणाम-मापने (ठाणे व नवी मुंबईतील वैद्यकीय संशोधन)

उपचाराचा गुण आला की नाही हे ठरवताना काय मोजायचे आणि कशाने मोजायचे, याबाबत त्या त्या आजारापुरती सर्वमान्य झालेली मापने. ‘काय’ म्हणजे परिणाम, ‘कशाने’ म्हणजे मापन. गुडघेदुखीत वेदना हा परिणाम, तर शून्य ते दहा अंकांची पट्टी हे मापन. एखाद्या आजारावरील उपचाराच्या प्रत्येक चाचणीत (क्लिनिकल ट्रायलमध्ये) निदान एवढे तरी मोजलेच पाहिजे, अशा परिणामांच्या यादीला ‘कोअर आउटकम सेट’ किंवा नुसता संच म्हणतात. यादीबाहेरचे काही मोजायला आडकाठी नसते.

गरज साधी आहे. एकाच औषधाच्या चार चाचण्यांनी चार निरनिराळ्या पट्ट्या वापरल्या, तर त्यांचे निष्कर्ष एकत्र मांडता येत नाहीत आणि त्यात सहभागी झालेल्या रुग्णांचे कष्ट बऱ्याच अंशी वाया जातात. संधिवाताच्या तज्ज्ञांनी हे लवकर ओळखले. १९९२ साली नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे ‘ओमेरॅक्ट’ या, संधिवातातील परिणाम-मापने ठरवणाऱ्या गटाची पहिली परिषद भरली. पुढे २००२ मध्ये रुग्णही चर्चेला बसले, तेव्हा डॉक्टरांच्या यादीत नसलेला थकवा त्यांनी पुढे आणला. सर्व आजारांसाठीचे असे संच एका ठिकाणी नोंदवणारा ‘कॉमेट’ हा उपक्रम २०१० मध्ये लिव्हरपूल येथे सुरू झाला. आमवाताच्या (ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या) औषध-चाचण्यांत आता मोठ्या बहुसंख्येने ठरलेला संच वापरला जातो. इतर बहुतेक आजारांत मात्र संच तयार असूनही वापर तोकडा आहे.

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोग-संशोधन केंद्र, कळव्याचे महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय, नेरूळचे डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचे एमजीएम अशा संस्था आहेत. कर्करोग-संशोधनात मापनांची शिस्त जुनी आहे. गाठ किती आक्रसली हे ‘रेसिस्ट’ निकषांनी पाहतात, दुष्परिणामांची श्रेणी ठरलेली असते आणि जीवनमानासाठी तीस प्रश्नांची ‘क्यूएलक्यू-सी३०’ प्रश्नावली मराठीतही मिळते.

पीजीच्या (पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांच्या) थेसिसची गोष्ट वेगळी आहे, आणि ती कुठल्या एका महाविद्यालयापुरती नाही. सिनॉप्सिस, म्हणजे थेसिसचा आराखडा, द्यायची तारीख जवळ आलेली असते. स्कोअर, म्हणजे मोजायची पट्टी, निवडताना बहुधा सीनियरची थेसिस उघडली जाते आणि त्यातला प्रोफॉर्मा (रुग्णाची माहिती भरायचा नमुना) थोड्याफार फरकाने पुढे चालतो. स्कोअरचे नाव सगळ्यांना पाठ असते, पण त्या आजाराचा संच आहे का, हे ‘कॉमेट’च्या विनामूल्य सूचीत पाहायला हवे, हे पुष्कळांच्या गावीही नसते. अज्ञानापेक्षा सवयीचा हा दोष अधिक आहे. उदाहरणार्थ, इसब. त्याच्या चाचण्यांसाठी त्वचेवरच्या खुणांना ‘ईझी’ आणि रुग्णाला जाणवणाऱ्या लक्षणांना सात प्रश्नांचे ‘पोएम’ हे केव्हाच ठरले आहे. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. मुरबाड-शहापूरकडून ओपीडीत आलेल्या आजोबांना दहा सेंटिमीटरच्या रेघेवर (एक टोक म्हणजे दुखणे नाही, दुसरे म्हणजे असह्य) खूण करायला सांगितले, की ते रेघेकडे न पाहता सांगतात, ‘रुपयात बारा आणे फरक आहे.’ हीही पट्टीच आहे, आणि चांगली सोळा भागांची! फक्त ती आजचे दुखणे सांगत नाही, पूर्वीपेक्षा किती उतार पडला ते सांगते. रेघेवरची खूण आजच्यापुरती असते आणि फरक दोन भेटींच्या वजाबाकीतून काढतात. बारा आण्यांचे ‘पंचाहत्तर टक्के’ करून त्या रकान्यात भरले, तर आकडा मिळतो, पण मापन बदललेले असते. रेसिडेंटने इंग्रजी प्रश्नावली समोर ठेवून तोंडी मराठी केली, तरी हेच होते. दर रुग्णागणिक प्रश्न थोडा बदलतो. रीतसर भाषांतर म्हणजे मराठीत नेणे, दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत आणणे, आणि मग काही रुग्णांना ‘तुम्हाला यातून काय कळले?’ असे विचारणे.

कधी प्रश्नच बदलावा लागतो. रोजची कामे कितपत जमतात हे विचारणाऱ्या, संधिवाताच्या ‘हॅक’ या पाश्चात्त्य प्रश्नावलीच्या बारा प्रश्नी भारतीय रूपात उकिडवे किंवा मांडी घालून बसणे, भाजीबाजारात खरेदी आणि रिक्षात चढणे-उतरणे यांबद्दल विचारतात. ठाणे स्टेशनबाहेर रिक्षात शिरण्याची धडपड ज्याने केली आहे, त्याला या प्रश्नाचे मोल वेगळे सांगायला नको.

भारतातील चाचण्यांची नोंद ‘सीटीआरआय’ (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) या नोंदवहीकडे २००७ पासून होते. १ एप्रिल २०१८ पासून तेथे केवळ पहिला रुग्ण घेण्याआधीचीच नोंदणी स्वीकारली जाते. अर्जात ही पीजी थेसिस आहे का, असे विचारलेले असते, आणि मुख्य परिणाम व तो कधी मोजणार, यांसाठी स्वतंत्र रकाने असतात. ‘लक्षणांत सुधारणा’ एवढेच त्यात लिहिलेले असेल, तर स्कोअर कोणता हे अजून ठरलेले नाही असे समजावे.