शिट्टी वाजते, मग हरीण हलत का नाही?

बोटाच्या पेराएवढी, काळ्या प्लॅस्टिकची दोन नळकांडी गाडीच्या पुढच्या बंपरवर चिकटपट्टीने डकवायची, एवढेच या साधनाचे रूप असते. त्याला ना बॅटरी लागते, ना तार. गाडीने ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेग घेतला की समोरची हवा नळकांड्यात घुसते आणि शिट्टी वाजू लागते. अमेरिकेत ‘डिअर व्हिसल’ या नावाने अशा शिट्ट्या गेली चार दशके विकल्या जात आहेत आणि आता त्या भारतातही ऑनलाइन मिळतात. विक्रेत्यांचा नेहमीचा दावा असा असतो, की हा आवाज १६ ते २० किलोहर्ट्झचा असल्यामुळे माणसाला जवळजवळ ऐकू येत नाही, मात्र हरणाला तो दुरून कळतो आणि ते रस्त्यापासून लांब राहते.

हरणाला हा आवाज ऐकू येतो, एवढा दाव्याचा भाग अगदीच निराधार नाही. जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या श्रवणक्षमतेची मोजणी प्रसिद्ध केली. आवाज कानावर पडताच मेंदूच्या मुळाशी उमटणारे विद्युत-संकेत टिपून केलेल्या या मोजणीत ही हरणे ०.२५ ते ३० किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतात, आणि त्यातही ४ ते ८ किलोहर्ट्झचा पट्टा त्यांना सर्वांत चांगला ऐकू येतो, असे दिसले. म्हणजे २० किलोहर्ट्झचा आवाज हरणाच्या कानाच्या आवाक्यात आहे. पण आवाज आवाक्यात असणे वेगळे आणि धावत्या गाडीतून निघून तो वेळेत त्या कानापर्यंत पोहोचणे वेगळे.

यातला हिशेब थोडा तपशिलात पाहण्याजोगा आहे. उघड्या हवेत पसरणाऱ्या आवाजाची पातळी, अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने उतरते. शिट्टीपासून १ मीटरवर १०० डेसिबल असलेला आवाज, असे आपण समजू, ६४ मीटरवर ६४ डेसिबल उरेल. हे झाले नुसत्या पसरण्यामुळे. त्यातच उच्च वारंवारितेचा ध्वनी हवा स्वतःच शोषून घेते, आणि २० किलोहर्ट्झच्या बाबतीत ही घट साधारण हवामानात १०० मीटरमागे ५० डेसिबलच्या घरात जाते. त्यामुळे ६४ मीटरवर आणखी ३० डेसिबल वजा होऊन हाती काय उरते, तर कुजबुजीइतका आवाज. आता गाडीकडे पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा दीड सेकंद आणि त्यापुढचे प्रत्यक्ष थांबणे धरले, तर कोरड्या डांबरी रस्त्यावरही ७० मीटरच्या आसपास अंतर लागते. शिट्टीचा उपयोग व्हायचा तर तो याच्याही पलीकडे व्हायला हवा. आणि एवढ्या वेळात टायरची घरघर, इंजिन आणि वारा काही गप्प बसलेले नसतात. कनेक्टिकट विद्यापीठातील पीटर शायफेल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत काही शिट्ट्यांचा स्वर ३.३ किलोहर्ट्झच्या, तर काहींचा १२ किलोहर्ट्झच्या आसपास निघाला, म्हणजे श्राव्यातीत म्हणून विकलेली वस्तू माणसालाही ऐकू येण्याजोग्या पट्ट्यातच वाजत होती. आणि हा आवाज वाहतुकीच्या गोंगाटात हरवण्याचीच शक्यता त्यांना अधिक दिसली. नळकांड्यात चिखल किंवा किडे अडकले, तर तेवढाही आवाज निघत नाही, ते वेगळेच.

प्रत्यक्ष रानातल्या चाचण्यांनीही वेगळे काही सांगितलेले नाही. अमेरिकेतील यूटा राज्यात रोमिन आणि डाल्टन या संशोधकांनी शिट्टी लावलेली आणि न लावलेली गाडी म्यूल हरणांच्या सुमारे १५० कळपांजवळून नेली. दोन्ही वेळच्या वागण्यात त्यांना दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही, आणि १९९२ साली त्यांनी तसे प्रसिद्ध केले. ऑस्ट्रेलियात कांगारूंसाठी ‘शू-रू’ नावाचे विजेवर चालणारे यंत्र विकले जात असे. मेलबर्न विद्यापीठातील हेलेना बेंडर यांनी त्याची परीक्षा घेतली तेव्हा तेही निष्प्रभ ठरले.

सर्वांत बोलका प्रयोग मात्र २००९ साली प्रसिद्ध झाला. शिट्टीचा आवाज पोहोचत नाही ही सबबच उरू नये, म्हणून जॉर्जियातील संशोधकांनी गाडीवर ध्वनिक्षेपक बसवला आणि ०.२८ ते २८ किलोहर्ट्झपर्यंतचे पाच वेगवेगळे शुद्ध स्वर वाजवत, रस्त्यापासून १० मीटरच्या आतल्या हरणांजवळून गाडी नेली. धडक टळेल अशा रीतीने हरणांचे वागणे एकाही स्वराने बदलले नाही. सर्वांत खालच्या स्वराला तर काही हरणे उलट धोका वाढेल अशीच वागली.

असे का व्हावे, हे ताडोबाच्या किंवा पेंचच्या जंगलात एखादी सकाळ घालवलेल्या माणसाला चटकन उमगेल. चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा, आला की जिप्सी थांबते आणि गाइड बोट दाखवतो. सगळा कळप एकाच दिशेला तोंड करून उभा असतो, शेपट्या वर, कान टवकारलेले, एखादी मादी पुढचा पाय जमिनीवर आपटते आहे. लक्षात घेण्याची गोष्ट ही, की कळप लगेच पळालेला नसतो. धोका नेमका कुठे आहे हे आधी हेरायचे आणि मग निर्णय घ्यायचा, ही त्या प्राण्याची लाखो वर्षांची रीत आहे, आणि दबा धरणाऱ्या वाघापुढे ती शहाणपणाची आहे. डांबरी रस्त्यावर मात्र तेच उभे राहणे जिवावर बेतते. त्यातून शिट्टीचा स्वर त्याच्या जगात कशाचीच खूण नसतो, आणि ट्रकच्या गर्जनेला न हटणारा प्राणी शिट्टीला हटेल अशी अपेक्षा धरणे मला तरी भाबडेपणाचे वाटते.

तरीही शिट्टीवर भरवसा ठेवणारे चालक भेटतातच. ‘लावल्यापासून एकही धडक नाही’ हा त्यांचा पुरावा असतो. एका चालकाच्या वाट्याला अशी धडक मुळातच क्वचित येते. शंभरांतल्या एकालाच वर्षात हरीण धडकत असेल, तर उरलेले नव्व्याण्णव जण शिट्टीचे गुण गायला मोकळे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असाच हा प्रकार आहे.

आवाजाने प्राणी कधीच हटत नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. आवाजाला अर्थ असेल तर गोष्ट बदलते. चिडलेल्या मधमाश्यांचा गुंजारव ऐकून आफ्रिकी हत्ती मागे सरतात, हे २००७ साली ल्युसी किंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, आणि पुढे आसाममध्ये ईशान्य सीमांत रेल्वेने हाच गुंजारव रुळांजवळच्या ध्वनिक्षेपकांवरून ऐकवायला सुरुवात केली. जपानमध्ये रेल्वे संशोधन संस्थेने गाडीवरच ध्वनिक्षेपक बसवून आधी ३ सेकंद हरणाचा इशाऱ्याचा फुत्कार आणि लगेच २० सेकंद कुत्र्यांचे भुंकणे ऐकवले. रात्रीच्या वेळी रुळांजवळ हरणे दिसण्याचे प्रमाण चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांनी घटल्याचे २०१८ साली जाहीर झाले. इथे मोजली गेली ती दिसलेली हरणे, टळलेल्या धडका नव्हेत. शिवाय रुळांवर गाडी कधी आणि कुठून येणार हे ठरलेले असते, त्यामुळे आवाज तेवढ्यापुरताच वाजवता येतो. महामार्गावर दर मिनिटाला वीस गाड्या भुंकत गेल्या, तर हरणे आठवडाभरातच त्या भुंकण्याला सरावतील, असा माझा अंदाज आहे.

रस्त्यांच्या बाबतीत भरवशाचा उपाय महाग आणि सिमेंटचा आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, महाराष्ट्राच्या हद्दीतल्या सुमारे १६ किलोमीटरच्या टप्प्यात, प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून नऊ मार्गिका बांधल्या आहेत, आणि त्यांतली सर्वांत रुंद ७५० मीटरची आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ साली तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्य प्राणी टिपले गेले. वाघ ८९ वेळा दिसले आणि पट्ट्यांवरून ते ११ वेगवेगळे वाघ असल्याचे ओळखता आले. याच महामार्गाच्या मध्य प्रदेशातल्या टप्प्यावर उन्नत मार्गाच्या दोन्ही कडांना चार-चार मीटर उंचीचे अडसर उभे केले आहेत. ते आहेत गाड्यांचा उजेड आणि आवाज जंगलात जाऊ नये म्हणून.