जुनी गाडी पाणी ‘पिते’ म्हणजे नेमकं काय करते?

“जुनी गाडी आहे, थोडं पाणी पिणारच.” सेकंडहँड गाडी विकणारा हे इतकं सहज म्हणतो की घेणाऱ्यालाही पटतं. पेट्रोल जळतं, ऑइलही थोडं जळतं, तसं कूलंटही (इंजिन थंड ठेवणारं द्रव, ज्याला सगळे ‘पाणी’ म्हणतात) संपत असेल, हा त्यामागचा समज. पण कूलंट कशातच खर्च होत नाही. इंजिनची उष्णता उचलून रेडिएटरमध्ये सोडायची आणि परत यायचं, एवढंच त्याचं काम. टॉप-अप वारंवार करावं लागत असेल, तर ते कुठून तरी निसटतंय.

बाहेरची गळती त्यातल्या त्यात सोपी. कूलंट वाळलं की रंगीत खपली मागे राहते. होजच्या (कूलंट वाहून नेणाऱ्या रबरी नळीच्या) क्लॅम्पपाशी, वॉटर पंपाखाली, रेडिएटरची प्लॅस्टिक टाकी जिथे ॲल्युमिनियमला जोडलेली असते तिथे टॉर्च मारून बघा. पुढच्या सीटपाशी कार्पेट ओलं, काचेवर तेलकट धुकं आणि गोडसर वास असेल, तर हीटरच्या आतली छोटी जाळी गळतेय. एसी चालू असताना खाली ठिबकणारं बिनवासाचं पाणी मात्र हवेतल्या बाष्पाचं, त्याने घाबरू नये.

कुठेच ओल नाही, तर आधी रेडिएटरच्या झाकणावर संशय घ्यावा. निम्मं पाणी, निम्मं इथिलीन ग्लायकॉल हे मिश्रण उघड्यावर १०७ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. झाकण आत साधारण १ बार (म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाइतका) जादा दाब राखतं, म्हणून ते १२५ अंशांपुढेही उकळत नाही. कुकरच्या शिट्टीचं तत्त्व हेच, पण इथे झाकणात दोन झडपा असतात आणि खरी गंमत दुसरीची. तापलेलं कूलंट सुमारे ५ टक्के फुगतं आणि जादा भाग पहिल्या झडपेतून बाजूच्या टाकीत जातो. इंजिन निवताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, दुसरी झडप उघडते आणि गेलेलं कूलंट परत ओढलं जातं. झाकणाचं रबर कडक झालं की जाणं चालू राहतं, परत येणं थांबतं. मग टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा! झाकण उघडून बघायचं ते इंजिन पूर्ण थंड असतानाच. गरम असताना दाब सुटला की तेच कूलंट क्षणात उकळून अंगावर उसळतं.

झाकणही ठीक असेल, तर उरते हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनमधले सिलिंडर (जिथे पेट्रोल जळतं) आणि त्यांच्यावरचं डोकं यांच्यामधली सांधा बंद ठेवणारी पातळ चकती. पेट्रोल पेटतं तेव्हा सिलिंडरमधला दाब दहा बारांच्या कितीतरी पुढे जातो, कूलंटचा जेमतेम १. गॅस्केटला चीर पडली की इंजिन चालू असताना गॅस कूलंटमध्ये घुसतो. इंजिन बंद केल्यावर उलटं होतं, उरलेल्या दाबाने कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतं आणि पुढच्या स्टार्टला गाडी अडखळते, पांढरा धूर सोडते. नुसत्या पांढऱ्या धुरावरून निकाल देऊ नका. १ लिटर पेट्रोल जळताना जवळपास १ लिटर पाणी तयार होतं आणि थंडीत त्याची वाफ दिसतेच. धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर प्रश्न आहे.

त्यापेक्षा इंजिनकडून रेडिएटरकडे जाणारा वरचा होज जास्त खरं बोलतो. थंड इंजिन सुरू करून, पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून, मिनिटाभरात तो दाबून बघा. कूलंट तापलेलंच नाही, तरी होज टणक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरमधून आलेला आहे. खात्रीसाठी गॅरेजमध्ये कूलंटवरची हवा ब्रोमोथायमॉल ब्लू या द्रवातून खेचतात. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड विरघळून कार्बोनिक आम्ल बनतं, पीएच ७.६ वरून ६ कडे उतरतो आणि निळा द्रव हिरवा, मग पिवळा होतो. मला ही चाचणी फार आवडते, कारण तिथे मेकॅनिकच्या अंदाजाला वावच उरत नाही.

‘एक बाटली ओता, गळती बंद’ या जाहिरातींना मात्र भुलू नका. चीर बुजवणाऱ्या पदार्थाला चीर कोणती आणि हीटरची बारीक नळी कोणती, हे कळत नाही.

गाडी बघायला जाण्याआधी इंजिन सुरू करू नका असं सांगून ठेवा. आधीच तापवून ठेवलेलं असेल, तर झाकण उघडता येत नाही आणि होजची परीक्षाही बाद. अशा वेळी सरळ दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागा.