टॅटू भरतोय की चिघळतोय?

"मावशी, पिकलंय का गं हे?"

पाचव्या दिवशी भाचीने दंडाचा फोटो पाठवला. गोव्यात काढून घेतलेली वेल, आणि तिच्यावर कोंड्यासारखे काळे पापुद्रे. खाली आणखी एक मेसेज: "शाईच निघून चाललीये. खाज तर इतकी की झोप नाही."

मी तिला एवढंच विचारलं, की कालच्यापेक्षा आज दुखणं कमी आहे की जास्त? "कमी." मग काळजी नको. भरतंय.

पहिले दोन-तीन दिवस भरणारी जखम आणि चिघळणारी जखम जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. लाली, सूज, गरमपणा, हात लावला की दुखणं, हे सगळं दोन्हीकडे असतं. टॅटूची सुई मिनिटाला हजारो वेळा त्वचेत शिरते, दीड-दोन मिलिमीटरपर्यंत. एवढं टोचल्यावर शरीर तिथे रक्त आणि पांढऱ्या पेशी धाडणारच, जंतू असोत वा नसोत. म्हणून पहिल्या दिवसाचा फोटो पाहून कुणालाच काही ठामपणे सांगता येत नाही. ओळख पटते ती चालीवरून. भरणारा टॅटू रोज थोडा उतरतो. चिघळणारा आधी उतरल्यासारखा करतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा चढायला लागतो, किंवा उतरतच नाही.

चढतोय हे ओळखायचं कसं? इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं, 'लालसरपणा पसरतोय का बघा'. गोऱ्या कातडीवर ते सोपं. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर लाली पुष्कळदा लाल दिसतच नाही, ती जांभळट किंवा नुसती काळसर दिसते, आणि त्यात काळ्या शाईचा टॅटू. अशा वेळी डोळ्यांपेक्षा हात कामाचा. हाताची मागची बाजू टॅटूशेजारच्या कातडीला लावायची, मग दुसऱ्या दंडावर त्याच जागी. तफावत रोज कमी व्हायला हवी. कातडी ताणून चकाकतेय का, दाबल्यावर टणक लागतेय का, तेही बघायचं. सूज किंवा काळसरपणा जिथे संपतो तिथे बॉलपेनने बारीक रेघ मारून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सूज रेघेपलीकडे गेली असेल तर वाद संपला, डॉक्टरकडे जायचं.

दुसरा घोटाळा होतो तो लस आणि पू यांत. पहिले एक-दोन दिवस टॅटूतून पातळ, पारदर्शक किंवा किंचित पिवळसर लस पाझरते. तिच्यात शाई आणि थोडं रक्त मिसळलेलं असतं, त्यामुळे उशीच्या अभ्र्यावर टॅटूचा छाप उमटतो. हल्ली टॅटूवाले वरून पारदर्शक चिकट फिल्म लावून देतात. तिच्याखाली काळपट पाण्याचा फुगा जमला की लोकांचा जीव खालीवर होतो. ती लसच आहे. फक्त फिल्म कडेने सुटून पाणी गळू लागलं तर ती काढून टॅटू धुवायचा, कारण जिथून लस बाहेर येते तिथून जंतू आत जातात. पू निराळा. तो दाट, गढूळ, पिवळा-हिरवट, वास येणारा, आणि मुख्य म्हणजे लस वाळून जायला हवी तेव्हा येऊ लागतो.

खाज आणि ठणका यांतही असंच. खाज सुटली की जखम भरत आली, असं आपल्याकडच्या बायका म्हणत आल्यात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून दोनेक आठवडे ही खाज येते-जाते. वरून हलकी थाप मारायची, नख लावायचं नाही. रात्री जागं ठेवणारा, नाडीबरोबर उडणारा ठणका मात्र भरण्यातला नव्हे. त्याच्या जोडीला थंडी वाजून ताप, टॅटूपासून वर जाणारी लाल रेघ, काखेत किंवा जांघेत दुखरं अवधाण म्हणजे गाठ, यातलं काहीही आलं तर सकाळची वाट बघू नये. मधुमेह असेल तर त्याच्याही आधी दाखवावं.

आता भाचीच्या 'निघून चाललेल्या' शाईबद्दल. सुईने वरच्या पातळ थरातही शाई भरते आणि त्याखालच्या जाड थरातही. वरचा थर तसाही सतत झडत असतो. जखमेनंतर तो पापुद्र्यांनी झडतो आणि आपल्या वाट्याची शाई घेऊन जातो. खालच्या थरातली शाई शरीरातल्या भक्षक पेशी गिळतात, पण त्यांना ती पचत नाही, म्हणून ती तिथेच राहते. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की या पेशी मरतात, शाई मोकळी होते आणि नव्या पेशी ती पुन्हा गिळतात. आजीच्या हातावरचं गोंदण साठ वर्षं टिकलं ते अशा हातबदलातून! पातळ, रंगीत पापुद्रे म्हणजे सगळं ठीक. जाड, ओलसर, पिवळी खपली आणि तिच्याखाली दुखणारी जागा असेल तर मात्र संशय घ्यावा.

चिघळण्याचा एक प्रकार या दिवसांच्या हिशेबाला फसवतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे २०११ मध्ये एकाच टॅटूवाल्याकडच्या १९ जणांना टॅटूवर पुळ्या आणि गाठी उठल्या. कारण निघालं आधीच पातळ करून विकलेली राखाडी शाई, आणि क्षयाच्या जंतूचा दूरचा नातेवाईक असलेला, पाण्यात राहणारा जंतू. ताप नाही, पू नाही, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद नाही. एक ते तीन आठवड्यांनी, भरत आलेल्या टॅटूवर, बहुतेकदा राखाडी छटेच्याच जागी पुळ्या येत असतील तर त्वचारोगतज्ज्ञच हवा.

गोव्यात टॅटू काढणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे पहिल्या दिवशी टॅटू आणि दुसऱ्या दिवशी समुद्र. 'खाऱ्या पाण्याने जखम बरी होते' हे वर ऐकवतात. पायावर टॅटू काढून पाच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहलेल्या एका ३१ वर्षांच्या माणसाची हकीकत २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. कोमट खाऱ्या पाण्यातला जंतू जखमेतून शिरला आणि तो माणूस दगावला. त्याचं यकृत आधीच खराब होतं, त्यामुळे प्रत्येकाचं असं होईल असं नाही. पण दोन-तीन आठवडे समुद्र, तलाव, नदी आणि टब बंद. अंगावर पाणी घेऊन आंघोळ चालते.

बाकी निगा कंटाळवाणी वाटावी इतकी साधी आहे. आधी हात धुवायचे, मग दिवसातून दोनदा बिनवासाच्या सौम्य साबणाने टॅटू. टिपायचा टिश्यूने, घरभर फिरणाऱ्या टॉवेलने नाही. बिनवासाचं मॉइश्चरायझर पातळ लावायचं. थापून लावलं तर खपली भिजून मऊ होते आणि ओढली जाते. घट्ट बाही नको, उन्हात सुती कापड असू द्यावं, आणि सनस्क्रीन कातडी पूर्ण जुळल्यावरच.

हळद नको. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, आणि जो रंग रोज तपासायचा तोच तिच्याखाली झाकला जातो. त्याहून वाईट म्हणजे मेडिकलमधून आणलेली, तीन औषधं एकत्र असलेली खाजेची ट्यूब. अशा बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. ते लाली आणि खाज दाबतं, म्हणजे टॅटू उतरतोय असं भासवतं, आणि आत जंतूंना रान मोकळं मिळतं. चिठ्ठीशिवाय ते लावूच नये.

आणि एक तिसरी भानगड आहे, ॲलर्जी. ती बहुधा एकाच रंगाला येते, सगळ्यात जास्त लालला. टॅटूतली लाल फुलं तेवढी फुगलेली आणि खाजरी, पानं मात्र सपाट, असं चित्र दिसलं तर जंतूंपेक्षा शाईवर संशय घ्यावा. ती आठवड्यांनी येते, तशी कधी वर्षांनीही येते.

तिसऱ्या आठवड्यात भाचीचा पुन्हा फोटो आला. वेल धुरकट, वर प्लास्टिकसारखी चकाकी. ती नवी कातडी, महिन्या-दोन महिन्यांत स्वच्छ दिसेल. तोवर टच-अपला घाई करू नकोस, असं कळवलं. गणपतीत सोसायटीच्या रक्तदान शिबिराला जायचा तिचा बेत होता. टॅटूनंतर आपल्याकडे वर्षभर रक्त घेत नाहीत, हे तिला गोव्यात कुणी सांगितलं नव्हतं.