सडक्या संत्र्यातून चिलटे आपोआप जन्मत नाहीत

फळ सडले की त्यातूनच चिलटे आपोआप तयार होतात, असा निरोप काटोल-वरूडकडे संत्र्याच्या हंगामात वर्षानुवर्षे फिरतो. रात्री स्वच्छ दिसलेल्या टोपलीवर सकाळी चिलटे घोंगावताना पाहिली की तसे वाटणे स्वाभाविकच आहे. पण ती आंबूस वासाने बाहेरून आलेली असतात. मादी फळाच्या चिरेत जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचे पांढरे अंडे घालते. त्यात सुमारे ३ तासांत जवळपास ६,००० पेशींचा एकपदरी थर तयार होतो, आणि त्यातील प्रत्येक पेशीची बाहेरची बाजू कोणती व आतली कोणती, हे काही प्रथिने एकमेकांना आपापल्या जागी रोखून धरून ठरवतात. त्यांपैकी क्रंब्ज हे बाहेरच्या बाजूचे प्रथिन नसले, तर अळीचे कवच सलग न बनता त्याचे तुकडे पडतात. मला हा तपशील फार विलक्षण वाटतो.

पडताळणी घरीच करता येते. संत्र्याचा गर उकळून, म्हणजे आधीची अंडी मरतील, दोन बरण्यांत भरावा व एकीच्या तोंडाला लगेच दुपदरी धोतराचे फडके घट्ट बांधावे. दोन आठवड्यांत उघड्या बरणीत अळ्या, कोष आणि नवी चिलटे दिसतील. झाकलेल्या बरणीतला गर बुरशीने सडेल, पण त्यात चिलट निघणार नाही.