कम्बाइन चाचणी

दारूच्या व्यसनातून बाहेर आलेला माणूस पुन्हा पिऊ लागू नये यासाठी दोन औषधे एकत्र दिली, तर एका औषधापेक्षा जास्त उपयोग होतो का, हे तपासण्यासाठी अमेरिकेत झालेली मोठी वैद्यकीय चाचणी. मद्यसेवनाच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या तिथल्या सरकारी राष्ट्रीय संस्थेने तिचा खर्च केला. जानेवारी २००१ ते जानेवारी २००४ या काळात ११ केंद्रांवर १,३८३ मद्यासक्त स्त्री-पुरुष तीत सहभागी झाले. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

दारू थांबवल्यावर हात थरथरणे, घाम येणे, झोप न लागणे ही लक्षणे बहुधा आठवडाभरात ओसरतात. खरी कसोटी त्यानंतर लागते. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात एखाद्या दिवशी पाय घसरला तर त्याला ‘स्लिप’ म्हणतात आणि पिणे पुन्हा पहिल्यासारखे सुरू झाले तर ‘रिलॅप्स’. याला मनोनिग्रहाचा अभाव समजून घरचे लोक बोल लावतात, तेव्हा मेंदूत झालेल्या बदलांकडे दुर्लक्ष होते. औषधे याच बदलांवर काम करतात.

चाचणीसाठी निवडलेली दोन औषधे दोन वेगळ्या वाटांनी जातात. दारू पोटात गेली की मेंदूत एंडॉर्फिन स्रवते आणि त्यातून सुखाची जाणीव होते. नाल्ट्रेक्सोन हे औषध एंडॉर्फिनचे ग्राही, म्हणजे ते मेंदूतील पेशींवर जिथे चिकटते त्या जागा, अडवून धरते. त्यामुळे प्याले तरी पूर्वीची मजा येत नाही आणि पहिल्या पेल्यामागून दुसरा घेण्याची ओढ कमी होते. अमेरिकेत ते १९९४ पासून या कामासाठी मान्य आहे. अकॅम्प्रोसेट हे औषध फ्रान्समधून पुढे आले. दीर्घकाळ पिणाऱ्याचा मेंदू दारू थांबल्यावर उत्तेजित राहतो. ही बेचैनी ग्लुटामेट या रसायनाशी निगडित असून ती अकॅम्प्रोसेटने शमते, असे मानले जाते. एकाने सुख कमी करायचे, दुसऱ्याने अस्वस्थता; मग दोन्ही मिळून तलफेला दोन्ही बाजूंनी आवर घालतील, असा तर्क होता. शिवाय नाल्ट्रेक्सोनवर यकृतात प्रक्रिया होते आणि अकॅम्प्रोसेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे ती एकत्र देण्यात मोठी अडचणही नव्हती. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे १६० रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने ही आशा वाढवली होती. तिथे जोडी अकॅम्प्रोसेटपेक्षा सरस ठरली. पण एकट्या नाल्ट्रेक्सोनपेक्षा ती निर्विवादपणे सरस ठरली नव्हती.

कम्बाइनमध्ये नऊ गट होते. आठ गटांना नाल्ट्रेक्सोन (रोज १०० मिग्रॅ.), अकॅम्प्रोसेट (रोज ३ ग्रॅम), दोन्ही, किंवा औषधासारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या मिळाल्या. या आठही गटांतील रुग्णांना १६ आठवड्यांत नऊ वेळा डॉक्टर किंवा परिचारिका भेटत, गोळ्या घेतल्या का, त्रास होतो का, किती प्यायलात, हे विचारत आणि धीर देत. त्यांपैकी निम्म्यांना याखेरीज समुपदेशनाची सविस्तर सत्रेही मिळाली. नवव्या गटातील १५७ जणांना फक्त समुपदेशन होते, गोळी नव्हती.

जोडीचा तर्क टिकला नाही. दोन औषधे मिळून एकट्या नाल्ट्रेक्सोनपेक्षा अधिक फायदा झाला नाही आणि अकॅम्प्रोसेटचा स्वतंत्र परिणामही दिसला नाही. नाल्ट्रेक्सोन व नियमित वैद्यकीय भेटी मिळालेल्यांचे ८०.६ टक्के दिवस दारूविना गेले. निष्क्रिय गोळ्या व भेटी मिळालेल्यांचे ७५.१ टक्के. समुपदेशन, भेटी आणि निष्क्रिय गोळ्या असलेल्यांनीही ७९.२ टक्क्यांपर्यंत मजल मारली. उपचार संपल्यावर वर्षभराने मात्र गटांमधील हे फरक निर्णायक उरले नव्हते.

प्रस्तुत नोंदकाराला सर्वांत मोलाचा वाटतो तो नववा गट. त्याचे दारूविना दिवस ६६.६ टक्केच भरले. म्हणजे ज्यांना निष्क्रिय गोळीच मिळत होती, पण ज्यांची कुणीतरी ठरलेल्या दिवशी आस्थेने विचारपूस करत होते, त्यांची स्थिती याहून चांगली राहिली. यात गोळीबद्दलची आशा किती आणि भेटीचा आधार किती, हे या मांडणीतून वेगळे काढता येत नाही. तरी वैद्यकीय भेटीला उपचाराचाच भाग मानायला हा आकडा पुरेसा आहे.

अकॅम्प्रोसेट युरोपातील आधीच्या अनेक चाचण्यांत गुणकारी ठरले होते, मग इथे का नाही? तिथले बरेच रुग्ण रुग्णालयात राहून दारूमुक्त झाल्यावर औषध सुरू करत. कम्बाइनमध्ये पिण्यात चार दिवसांचा खंडही पुरेसा धरला होता. हे स्पष्टीकरण पटण्यासारखे असले तरी पुरे पडत नाही, कारण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२६ रुग्णांच्या जर्मन चाचणीत रुग्णालयातील उपचारानंतरही दोन्हींपैकी एकाही औषधाचा फायदा दिसला नाही. अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशेब मात्र दोन्ही औषधांच्या माफक, पण खऱ्या उपयोगाकडे बोट दाखवतो.

पुढे जोडीचा शोध वेगळ्या दिशेने गेला. दारूबरोबर नैराश्यही असलेल्या १७० जणांवरील अमेरिकी चाचणीत (२०१०) नाल्ट्रेक्सोन आणि सर्ट्रालीन हे नैराश्यविरोधी औषध एकत्र मिळालेल्यांपैकी ५३.७ टक्के लोक पूर्ण दारूमुक्त राहिले. इतर गटांत हे प्रमाण याच्या निम्म्याच्या आसपास होते. एकाच तलफेवर दोन औषधे देण्याऐवजी रुग्णाच्या दोन आजारांवर दोन औषधे, असा हा बदल आहे.

मुंबईत अविनाश आणि ॲलन डिसूझा यांनी १०० पुरुषांवर केलेली, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी जोडीची नव्हती. तीत डायसल्फिरामची नाल्ट्रेक्सोनशी तुलना होती. डायसल्फिराम घेणाऱ्याने दारू प्यायली तर चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड असा तीव्र त्रास होतो. वर्षाअखेर या गटातील ८६ टक्के आणि नाल्ट्रेक्सोन गटातील ४४ टक्के पुरुष दारूमुक्त होते. कोणते औषध चालू आहे हे रुग्णांना ठाऊक होते आणि घरच्यांचा आधार हा निवडीचाच भाग होता, हे लक्षात घेऊन आकडे वाचावेत. ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती आपल्याकडे सर्रास दिसतात. पण डायसल्फिराम जेवणात लपवून देणे जिवावर बेतू शकते. नाल्ट्रेक्सोनही अफूजन्य वेदनाशामके घेणाऱ्याला देता येत नाही.