पार्श्वभूमी : साठ दिवसांची मुदत आणि एक निसरडा शब्द

अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिला आणि सरसेनापतिपद राष्ट्राध्यक्षांना. 1787 साली फिलाडेल्फियात मसुद्यावर चर्चा चालू असताना काँग्रेसने युद्ध ‘करावे’ हा शब्द काढून ‘पुकारावे’ हा घातला गेला. अचानक हल्ला झालाच तर तो परतवायला राष्ट्राध्यक्षांचे हात मोकळे असावेत, एवढाच त्यामागचा हेतू होता. रीतसर युद्धघोषणा शेवटची झाली ती जून 1942 मध्ये. बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. त्यानंतर युद्धे झाली, घोषणा एकदाही नाही.

1950 मध्ये काँग्रेसचे मत न घेताच कोरियात सैन्य उतरले. ‘पोलिसी कारवाई’ म्हणवलेल्या त्या युद्धात 36 हजारांच्या आसपास अमेरिकी सैनिक मेले. ऑगस्ट 1964 मध्ये, व्हिएतनामलगतच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर दोनदा हल्ला झाल्याचे सांगून, राष्ट्राध्यक्षांना लष्करी बळ वापरण्याची मुभा देणारा ठराव प्रतिनिधिगृहात 416 विरुद्ध 0, तर सिनेटमध्ये 88 विरुद्ध 2 असा संमत झाला. ज्या दुसऱ्या हल्ल्याच्या आधारे तो मागितला गेला, तो हल्ला झालाच नव्हता, हे पुढे उघड झाले. तोवर व्हिएतनाममध्ये 58 हजारांहून अधिक अमेरिकी आणि लाखो व्हिएतनामी माणसे गेली होती.

या अनुभवातूनच 7 नोव्हेंबर 1973 रोजी, राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार मोडून, युद्धाधिकारांचा कायदा झाला. सैन्य लढाईत उतरवले की 48 तासांत काँग्रेसला कळवायचे. 60 दिवसांत संमती मिळाली नाही तर माघार घ्यायची, त्यासाठी फार तर आणखी 30 दिवस.

मुदत मोजायची केव्हापासून, हे ठरते कायद्यातल्या ‘हॉस्टिलिटीज’ या शब्दावर. आपण त्याला ‘शत्रुत्वाच्या कारवाया’ म्हणू. हा शब्द सहज आलेला नव्हता. आधीच्या मसुद्यात ‘सशस्त्र संघर्ष’ होते. ते अपुरे वाटल्याने अधिक व्यापक शब्द निवडला गेला, आणि समितीच्या अहवालात तसे नोंदवलेही आहे: गोळी सुटली नसली, पण लढाईचा धोका समोर उभा असला, तरी ती स्थिती यात धरायची. दोनच वर्षांनी, 1975 मध्ये, प्रशासनाच्या वकिलांनी नेमकी उलटी व्याख्या मांडली. दोन्ही बाजूंच्या तुकड्यांत प्रत्यक्ष गोळीबाराची देवाणघेवाण चालू असेल, तरच शत्रुत्वाच्या कारवाया!

या व्याख्येचा खरा परिणाम दिसला तो 2011 मध्ये. लिबियावर 19 मार्चला हल्ले सुरू झाले. मेमध्ये 60 दिवस उलटले, बॉम्ब पडतच होते. जूनमध्ये तेव्हाच्या डेमोक्रॅटिक प्रशासनाने काँग्रेसला सांगितले की ही मुदत इथे लागूच होत नाही: जमिनीवर अमेरिकी सैन्य नाही, समोरून होणाऱ्या गोळीबारात अमेरिकी सैनिक सापडत नाहीत, मोहीम मर्यादित आहे. सरकारमधल्याच काही ज्येष्ठ कायदेतज्ज्ञांना हे पटले नव्हते. त्यांचे मत बाजूला ठेवले गेले. ज्याच्यावर बॉम्ब पडतो त्याच्यासाठी ती लढाईच असते. टाकणारा सुरक्षित उंचीवर आहे म्हणून ती लढाई राहत नाही, हे मानणे कठीण आहे. काँग्रेसही निर्दोष नव्हती. 24 जूनला प्रतिनिधिगृहाने मोहिमेला संमती नाकारली आणि त्याच दिवशी तिचा पैसा आखडण्याचा प्रस्तावही फेटाळला.

आता काँग्रेसला माघारीचा आदेश द्यायचा तर काय? 1973 च्या कायद्यात दोन्ही सभागृहांच्या साध्या बहुमताची तरतूद होती, पण 1983 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने तिचा पायाच गेला. तेव्हापासून असा ठराव राष्ट्राध्यक्षांच्या सहीला जातो. 2019 मध्ये येमेनमधल्या युद्धातून अंग काढून घेण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत संमत झाला, त्यावर नकाराधिकार आला. तो मोडायला सिनेटमध्ये 53 मते पडली. दोन तृतीयांशाला ती पुरली नाहीत.

सप्टेंबर 2025 पासून कॅरिबियन समुद्रात अमली पदार्थांच्या संशयावरून बोटी उडवल्या गेल्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला 60 दिवस भरत आले, तेव्हा दुसऱ्या, म्हणजे रिपब्लिकन, पक्षाच्या प्रशासनाने लिबियाच्या वेळचाच युक्तिवाद पुढे केला: अमेरिकी सैनिकांना धोका नाही, म्हणून मुदत लागू नाही.